‘प्रॉब्लेम’ने गिळलेले शब्द

परवा आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत तासाभरात चार ‘प्रॉब्लेम’ कानावर आले. लिफ्टचा म्हणजे बिघाड, आजोबांच्या गुडघ्याचा म्हणजे दुखणं, सासू-सुनेतला म्हणजे कुरबुर. नातीने वही पुढे केली, तर तिचा ‘प्रॉब्लेम’ त्रैराशिकाचं उदाहरण निघाला. ‘नो प्रॉब्लेम’ म्हणजे तर आपलं साधं ‘हरकत नाही’! मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुढ्यात टाकलेली गोष्ट’. आपण मात्र अडचण, पेच, विवंचना सगळं त्याच एका पोत्यात भरतो. कर्जाच्या विवंचनेतल्या माणसाला ‘काय प्रॉब्लेम आहे?’ विचारलं, तर ते दरडावल्यासारखं लागतं. नातीला मी आता ‘कुठे अडलं गं?’ असंच विचारते.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे