हिपॅटायटिस बी आणि यकृताची ‘पिकलेली’ पेशी

महोदय,

हिपॅटायटिस बीवरील आपल्या लेखात ‘हा विषाणू यकृताच्या कुठल्याही पेशीत वाढतो’ असे वाक्य आहे. तेवढे मात्र पटले नाही. पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे तंत्रज्ञ होते, म्हणून लिहिते.

‘हेप-जी-टू’ या यकृताच्या कर्करोगातून आलेल्या पेशी बाटलीत भराभर वाढतात, पण त्यांच्यावर विषाणू नुसता ओतला तर जवळजवळ काहीच घडत नाही. फ्रेंच संशोधकांनी 2002 मध्ये ‘हेपा-आर-जी’ या यकृताच्याच दुसऱ्या पेशी पुढे आणल्या. त्या सुमारे दोन आठवडे वाढू द्यायच्या, मग दोन आठवडे हायड्रोकॉर्टिसोन या संप्रेरकासोबत 2 टक्के डीएमएसओ या द्रावकात ठेवायच्या. त्या डीएमएसओचा लसणासारखा वास हाताला चिकटून घरी यायचा! विभाजन थंडावते, पेशी चौकोनी होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यामधल्या पित्तनलिका चमकदार रेघांसारख्या दिसू लागतात. अशी ‘पिकलेली’ पेशीच विषाणूला आत घेते.

कारण दुहेरी आहे. पित्तक्षार आत ओढणारे एनटीसीपी हे प्रथिन पक्व पेशीवर असते, आणि तेच विषाणूचे दार आहे, हे 2012 मध्ये उलगडले. आत गेल्यावरही विषाणूच्या डीएनएवरून आरएनए, म्हणजे त्याची कामचलाऊ नक्कल, उतरवायला पेशीचेच एचएनएफ-4-अल्फासारखे, जनुके चालू करणारे घटक लागतात. ते कच्च्या पेशीत तोकडे पडतात.

नवे औषध ‘यकृताच्या पेशींवर यशस्वी’ अशी बातमी छापताना कोणत्या पेशींवर, एवढे तरी आपल्या वार्ताहरांनी विचारावे.

– एक निवृत्त तंत्रज्ञ, पुणे