गूळ खाल्ल्याने साखर उतरत नाही

रविवारच्या पुरवणीतील मधुमेहींच्या आहारावरचा लेख वाचला. वजन घटवण्यावर दिलेला भर पटला. पण ‘साखरेऐवजी गूळ चालेल’ या सल्ल्याला हरकत आहे. गुळातही मुख्यतः तीच साखर असते. सांगलीसारख्या गुळाच्या पेठेत तर असा सल्ला लोक लगेच उचलतात. चहा गुळाचा झाला की कप मोजायचे सुटते, आणि ज्वारीचीच आहे म्हणून चौथी भाकरीही ताटात पडते.

प्रश्न एकूण खाण्याचा आहे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त काळ न लोटलेले रुग्ण त्यात होते. वर्षभरात १५ किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांपैकी ८६ टक्के जणांची साखर औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली आली. त्यासाठी काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींवर राहावे लागले, तेही वैद्यकीय देखरेखीखाली. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना एकदम जेवण तोडले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. लेखात गुळाऐवजी ही सूचना हवी होती.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली