काजऱ्याचा चहा मिटक्या मारत कुणी पीत नाही

फोंडा

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी गोष्ट काल रात्री वाचली. बाबांनी माझ्याआधीच वाचली, पण ते "बरी आहे" याच्यापुढे जात नाहीत, तुला ठाऊकच आहे. मी मात्र पहिल्याच खुनाशी अडले. तुझा भाटकार, तो जमीनदार, काजऱ्याच्या बियांचा चहा मिटक्या मारत पितो आणि कप खाली ठेवायच्या आत मरतो? अगो, काजरा, म्हणजे कुचला, ही कडूपणाची हद्द. आपल्या मागच्या डोंगरावर पिकतो तेव्हा पाहिला आहेस ना? संत्र्यासारखं फळ, आत चपट्या, बटणासारख्या, रुपेरी लव असलेल्या बिया. धनेश गर खातात आणि बिया टाकून देतात. पाखरांना कळतं, भाटकाराला कळू नये?

त्या बियांतलं विष, स्ट्रिक्नीन, 70,000 भागांत एक भाग असलं तरी जिभेला लागतं, असं अगाथा ख्रिस्तीच्या पहिल्याच कादंबरीत लिहिलं आहे. कोकोत ही चव लपणार नाही, हेही तिथंच सांगून टाकलं आहे. आणि मरण एका घोटात येत नाही. अंगाला झटके येतात, माणूस धनुष्यासारखा ताठतो, आणि शुद्ध बहुतेक वेळ शाबूत असते. तुझी गोष्ट खरं तर तिथं सुरू होते, कारण त्या वेळात भाटकार बोलू शकतो. तू त्याला गप्प मारून टाकलास.

परवा फोनवर म्हणालीस, फार्मसीची चार वर्षं फुकट गेली, आता नोकरी सोडून लिहीतच बसते. सोडायची की नाही ते तू ठरव. पण ते "फुकट गेली" मला पटलं नाही, म्हणून हे पत्र.

ही अगाथाबाई शाळेत फारशी गेलीच नाही. जन्म 1890 चा, इंग्लंडमधल्या टॉर्की गावचा. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा गावातल्या रेडक्रॉसच्या इस्पितळात आधी नर्स झाली, मग औषधं बनवायच्या खोलीत गेली. तिथं काम कधी धो धो, कधी तासन्‌तास काहीच नाही. बहिणीने डिवचलं होतं की तुला रहस्यकथा जमायची नाही. त्या रिकाम्या वेळात भोवती कपाटं विषांचीच, मग खून विषानेच होणार. 1917 साली तिने औषधं बनवायची रीतसर परीक्षाही दिली, पास झाली.

'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' तू वाचलं आहेस म्हणून मोकळेपणाने लिहिते. म्हातारीच्या टॉनिकमध्ये स्ट्रिक्नीन आहेच, तेव्हा अशी टॉनिकं चालायची. त्यात झोपेसाठी देतात ते ब्रोमाइड पडलं की स्ट्रिक्नीनचे खडे होऊन तळाला बसतात. वरचे डोस निर्धोक, शेवटचा जीवघेणा. ही काही तिच्या डोक्यातली करामत नव्हे. विद्यार्थ्यांच्या पुस्तकात सावध राहा म्हणून छापलेली सूचना होती. "बाटली हलवून घ्या" हे आपण काउंटरवर दिवसभर बडबडतो, तिने त्यातून कादंबरी काढली. बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवली, शेवटी 1920 मध्ये आली, पैसे मिळाले 25 पौंड. पण फार्मसीवाल्यांच्या मासिकाने विषाची माहिती अचूक आहे म्हणून कौतुक केलं, त्याचा तिला फार आनंद झाला. मलाही झाला असता.

तिच्या आत्मचरित्रातली एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. गावातल्या एका नामांकित फार्मासिस्टकडे ती शिकायला जायची. त्याने सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्या, बनवायला घेतल्या आणि हिच्या लक्षात आलं की दशांश चिन्ह चुकलं आहे, औषध कितीतरी पट जास्त पडलं आहे. सांगायची सोय नाही, कारण गृहस्थ कधीच न चुकणाऱ्यांपैकी. मग हिने पाय घसरल्यासारखं केलं, ट्रे पाडला आणि त्या वड्यांवर चांगला जोर देऊन पाय ठेवला. वर माफी मागितली. तो बिचारा हिचीच समजूत घालत बसला! म्हणून मी तुला सांगत असते, अर्धा लिहिताना आधी शून्य घाल आणि एकच्या पुढे पॉइंट शून्य लिहू नकोस, कुणीतरी दहा वाचतो.

हाच गृहस्थ खिशात क्युरारे या विषाचा खडा घेऊन फिरायचा, त्याने आपण बलवान असल्यासारखं वाटतं म्हणायचा. असा माणूस भेटला आणि ही विसरली, होईल? 1961 च्या 'द पेल हॉर्स'मध्ये त्याची सावली आहे. त्यातलं विष थॅलियम. 1977 साली कतारहून लंडनच्या इस्पितळात आणलेल्या एका बाळाचा आजार डॉक्टरांना उमगत नव्हता. एक नर्स नेमकं हेच पुस्तक वाचत होती, तिने लक्षणं ओळखली. बाळ वाचलं.

तिच्या 1926 च्या अकरा दिवसांच्या गायब होण्यावर लोक अजून पानंच्या पानं लिहितात. मला त्यात रस नाही. पुढचं जास्त महत्त्वाचं. आई गेलेली, नवरा दुसरीकडे, मुलगी लहान, पैशांची ओढाताण, आणि 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' पुरी करायची होती. मनात नसताना, लिहिलेलं आवडत नसताना लिहिली. तेव्हापासून आपण हौशी राहिलो नाही, धंदेवाईक झालो, असं ती म्हणते. एकूण 66 रहस्यकादंबऱ्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा लंडनच्या इस्पितळात औषधं देत होती, नाव जगभर झालेलं असताना! लिहायला वेगळी खोलीही बराच काळ नव्हती. टाइपरायटर आणि न हलणारं टेबल पुरे, जेवणांच्या मधल्या वेळात जेवणाचं टेबलही चाले. तुझी खोली लहान आहे ही तक्रार म्हणून मी कानाआड करते.

आजोबांना तिचं हे सगळं सांगितलं तर म्हणाले, आमच्या बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या, 66 चं काय घेऊन बसलीस! अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांपुढे आजोबांना कुणी दिसत नाही.

तर विष बदल, किंवा चहा बदल. काजराच ठेवायचा असेल तर भाटकाराला कसलातरी कडू काढा घ्यायची जुनी सवय लाव, आणि तो काढा कोण गाळून देतं ते आधीच्या पानावर सहज येऊ दे. डॉक्टर दाखला इतक्या घाईने का लिहितो, हेही कळलं नाही. चवथीला येशील त्याआधी नवा खर्डा पाठव, पण शेवटचं पान काढून. खुनी मला स्वतःला ओळखायचा आहे. बाबांनी धाकट्या नणंदेवर पैज लावली आहे, माझा संशय कंपाउंडरवर.

तुझी,
आई