बाबा, ते पुस्तक मी वाचलंच नव्हतं

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर सांगता आलं असतं, पण बाबा मधेच हसले की माझं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. आई, तूच वाचून दाखव. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत त्यांना माझं अक्षर लावत बसायला नको.

दर रविवारी गुडघे, बीपी, गॅसचा नंबर एवढं आटोपलं की बाबा, तुम्ही विचारता, "बरं, सध्या काय वाचतेस?" आणि मी सांगायचे, विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. दिवाळीत सांगितलं, संक्रांतीला सांगितलं. पाडव्याला तुम्ही म्हणालात, "एवढंसं तर पुस्तक आहे ते, पाठ करतेयस की काय?" मी हसण्यावारी नेलं.

मी काहीच वाचत नव्हते. रात्री फोन हातात घ्यायचा, अंगठा सरकवत राहायचं, बारा वाजले की दिवा घालवायचा. मुलांना मात्र मी ‘स्क्रीन बंद कर’ म्हणून ओरडते, हे तुमच्या नातवाने मला परवा ऐकवलंच.

मग मे महिन्यात आमच्या वाचकांच्या गटात पुस्तकांची पेटी आली. तुम्हाला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ माहीत असणारच, नाशिकच्या टिळकवाडीतल्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची योजना. त्या पेट्या इथे दुबईतही फिरतात. आमची पेटी बर दुबईतल्या एका काकूंच्या हॉलमध्ये, चपलांच्या स्टँडशेजारी आहे. काकू कोल्हापूरच्या. वहीत नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय पुस्तकाला हात लावू देत नाहीत, आणि परत देताना "कसं वाटलं?" विचारतात, त्यामुळे न वाचता परत करायची सोयच नाही. पेटी उघडली तर वरच ‘रणांगण’. अंगावर काटा आला. आता पकडले गेले, असंच वाटलं.

दोन रात्रींत संपवलं. बाबा, तुम्ही म्हणायचात ‘बोटीवरची प्रेमकथा’, आणि मी त्यावर जाऊन इतकी वर्षं टाळलं. बोट मुंबईकडे येते, चक्रधर तिथे उतरणार. हॅर्टा ज्यू, जर्मनीतून हाकललेली. तिला उतरायची परवानगी नाही, तिची बोट पुढे जाणार. इतकंच. पण आमच्या इमारतीत प्रत्येकाला आपला व्हिसा कधी संपतो ती तारीख तोंडपाठ असते. कुणाची नोकरी गेली की पहिला प्रश्न ‘किती दिवस उरलेत?’ असाच. इथे बसून ती बोट वाचताना पोटात कालवतं. आमचं दुःख हॅर्टाच्या नखाएवढंही नाही, ते कळतं मला. आम्हाला परतायला नाशिक आहे.

आणि कादंबरी १९३९ सालची! छळछावण्यांचं सगळं जगापुढे यायचं होतं अजून. पुढचं आपल्याला माहीत असतं, बेडेकरांना लिहिताना ते माहीत नव्हतं. त्यामुळे साधी साधी वाक्यंही आता वाचवत नाहीत. मधे मधे चक्रधरच्या जुन्या प्रेमाचा राग मात्र मला जरा ताणलेला वाटला. यावर आपण भांडू.

बाकी गटात जो तो आपापल्या पुस्तकात आहे. शारजाहून रोज दुबईला येणारी एक मैत्रीण ‘मृत्युंजय’ कानांनी ऐकते, त्या ट्रॅफिकमध्ये दुसरं करणार काय. ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचली तरी कर्णाचं बोलणं संपेपर्यंत गाडीतच बसून राहते, तिला दोनदा उशीर झाला म्हणे. नागपूरचे एक इंजिनियर दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ रोज दोन-तीन पानं वाचतात. म्हणाले, "इथे ऋतू दोनच, एसी चालू आणि एसी बंद. मग आषाढ वाचायचा तरी." तुमचा नातू ‘फास्टर फेणे’वर आहे. घरभर ‘ट्टॉक’ चाललंय.

आई, तुझं ‘मला कुठला वेळ’ या वेळी चालणार नाही. तुझ्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ कुरियरने मागवलंय, मोठ्या टायपात मिळालं नाही, चष्मा लाव. लक्ष्मीबाई आपल्या जलालपूरच्या ग, १८६८ चा जन्म. बापाचं ते सोवळं, न सांगता घर सोडून जाणारा नवरा, आणि सांगणं असं की दोन ओळींत रडवून तिसरीत हसवते. भाजी आणायला जाऊन सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, रमणाऱ्या माणसाबरोबर तू पंचेचाळीस वर्षं काढलीस, तुला ती बाई लगेच पटेल.

आता खरी गोष्ट. बाबा, मी इकडे यायला निघाले त्या रात्री तुम्ही तुमची ‘रणांगण’ची प्रत माझ्या बॅगेत ठेवली होती. बॅग तीस किलोच्या वर जात होती. मेतकुटाचा डबा ठेवायचा होता, म्हणून मी पुस्तक काढलं. तुम्हाला दिसू नये म्हणून लपवलं, आणि मग ‘आहे माझ्याकडे’ असं सांगत राहिले. तुम्ही सावानातून ती पुन्हा आणून वाचलीत, हे आईने सांगितलं तेव्हाच बोलायला हवं होतं.

माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, शाळेच्या निळ्या स्वेटरखाली आहे. तुम्ही खूण म्हणून ठेवलेलं पंचवटी एक्सप्रेसचं तिकीटही त्यातच असेल. कपाटाची किल्ली देवघरातल्या पितळी डबीत. आई, दार जरा उचलून ओढ, नाहीतर अडकतं.

तुमची,
चिमी