डाव्या पायाचं काय करायचं

सातारा
रविवार, रात्री साडेदहा

बंड्या लका,

तुझा प्रश्न एका ओळीचा, दुचाकी गेअरची घेऊ का ऑटोमॅटिक, आणि मला उत्तर द्यायला चार दिवस लागले. व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करत होतो तर मधेच फोन यायचा, मग म्हणलं सरळ पत्रच लिहू. उशिराचं खरं कारण वेगळंय, यात माझीपण थोडी इज्जत अडकलीय. आधी तेच सांगून टाकतो.

गेले सात महिने मी तुझ्या वहिनीची बिनगेअरची मोपेड चालवतोय. हस, हस. कॉलेजला असताना मोपेडवाल्यांना काय काय नावं ठेवायचो ते मला पण आठवतंय.

झालं असं की मागच्या सीझनला रहिमतपूर रोडला संध्याकाळचा येत होतो, पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून, त्यातनं पडलेल्या दोन-चार उसांवर पुढचं चाक गेलं. ऊस चाकाखाली लाटण्यासारखा फिरतो रे, ब्रेक लावायला पण वेळ मिळाला नाही. डावं मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि प्लास्टर काढल्यावर डॉक्टर म्हणले अजून दोन महिने क्लच दाबायचा नाही. ते चालवायचं नाही म्हणले नव्हते, क्लच दाबायचा नाही म्हणले, आणि तेवढ्या फटीतनं मी मोपेडवर बसलो.

पहिल्याच दिवशी मोती चौकात तमाशा. समोर रिक्षा थांबली, मी सवयीनं डावा लिव्हर गच्च दाबला, गेअर कमी करायला. आता मोपेडला त्या जागी क्लच कुठला, तिथं ब्रेक! गाडी जागच्या जागी खिळली, मागं बसलेली तुझी वहिनी माझ्या पाठीवर आली आणि तिच्या हातातला कंदी पेढ्यांचा बॉक्स रिक्षाच्या हुडावर. वीस वर्षं हात एकच काम करत असला की त्याला डोकं सांगेपर्यंत उशीर होतो. आणि डावा पाय तर पुढचे पंधरा दिवस प्रत्येक स्पीडब्रेकरला फूटबोर्डवर आपटत होता, गेअर शोधत. माझे सगळे जुने बूट काढून बघ, डाव्याच बुटावर अंगठ्याच्या वर काळा डाग आणि तिथंच चामडं फाटलेलं, उजवा बूट नव्यासारखा. आता सात महिन्यांचा जोड आहे, दोन्ही सारखेच कळकट.

तर आता तुझं. तू गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणलास, पण कुठला ते लिहिलं नाहीस, मी काकूंना फोन करून विचारलं. डावा. मग विषय बराचसा तिथंच संपतो, आणि का ते सांगतो कारण शोरूमवाला हे सांगणार नाही, तो तुला एव्हरेज आणि डिक्कीच सांगेल.

गेअरच्या गाडीवर डाव्या पायाला दोन कामं असतात. एक गेअर टाकणं, ते हलकं आहे, त्यानं काय होत नाही. दुसरं काम आपल्या लक्षात पण येत नाही. चढावर थांबलास की उजवा पाय मागच्या ब्रेकवर अडकलेला असतो, म्हणजे गाडीचं, तुझं आणि मागं बसलेल्याचं सगळं वजन एकट्या डाव्या पायावर. यवतेश्वरचा घाट डोळ्यासमोर आण, सप्टेंबरातला रविवार, कासला फुलं बघायला अख्खं पुणं आलेलं, वळणावर गाड्या अडकल्यात. तू चढावर उभा, उजव्या पायानं ब्रेक, उजव्या हातानं रेस, डाव्या हातानं हाफ क्लच, आणि डावा पाय खाली दगडावर. पुढची कार दोन फूट सरकते, तू सरकतोस, परत तेच. असं पाऊण तास. क्लचप्लेटचा जळका वास येतो तो वेगळाच. मोपेडला दोन्ही ब्रेक हातात, म्हणून कुठलाही पाय टेकव, दोन्ही टेकव, आणि रेस पिळली की गाडी चालायला लागते, बंद पडायचा प्रश्नच नाही. चढावर ती रडते हे मान्य. डबलसीट असलं की वाटतं उतरून ढकलावं, ट्रॅक्टरला ओव्हरटेक मारायचा तर रेस पिळल्यावर आधी नुसता आवाज वाढतो आणि गाडी मागनं येते. पण चढते.

माझी खरी तक्रार उतारावर आहे.

हे नीट वाच. गेअरच्या गाडीवर आपण घाट कसा उतरतो, दुसरा किंवा तिसरा टाकून रेस सोडायची, इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक नुसता वळणापुरता. मोपेडच्या आत गेअरच्या ऐवजी दोन पुली आणि एक बेल्ट असतो, पुढच्या पुलीतले रोलर इंजिनच्या वेगाप्रमाणे बाहेर सरकतात आणि बेल्ट वर-खाली होतो, तोच तिचा गेअर. आणि मागं जो क्लच असतो तो फिरण्याच्या जोरानं पकडतो. म्हणजे रेस पूर्ण सोडून वेग एका ठरावीक आकड्याच्या खाली आला की तो सुटतो, आणि मग गाडी न्यूटरलमध्ये टाकल्यासारखी मोकळी घरंगळते. मला हे थिअरीत माहीत होतं. ऑक्टोबरात कासवरनं येताना पाठीवर कळलं. वहिनी मागं, पायात तिची पिशवी, मी निवांत ब्रेक दाबून दाबून उतरतोय, यवतेश्वरच्या खालच्या वळणांना आलो तर लिव्हर ढिला लागायला लागला, दाबतोय पण गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. बाजूला कठड्याला घेतली कशीबशी. चाकातल्या ब्रेकच्या ड्रमजवळ बोट नेलं तर धग लागली, तापलेल्या तव्याला जवळ गेल्यासारखी. पंधरा मिनिटं बसलो. वहिनीला म्हणलं खालचं शहर बघ किती छान दिसतंय. ती म्हणली ब्रेक गेलेत ना?

गेले नव्हते, तापले होते. तेव्हापासून पद्धत बदलली. वरनंच वेग वाढू द्यायचा नाही, ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा, दोन्ही मिळून, आणि मधेमधे रेसचा हलका झटका द्यायचा म्हणजे क्लच परत पकडतो आणि इंजिन थोडं तरी धरतं. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेकवाली घेतलीस तर अजून बरं. पण बाप्पा, गेअरची मजा वेगळीच, हे मी अजून म्हणतो. सज्जनगडावरनं दुसऱ्यात उतरताना गाडी जशी हाताखाली असते तशी मोपेड कधीच वाटली नाही मला.

तू विचारलंस मोटरसायकल पण पाहिजे आणि क्लच पण नको असं काही मिळतं का. मिळतं, पण आपल्याला नाही. होंडाची आफ्रिका ट्विन 2017 ला भारतात आली ती डीसीटीवाली, म्हणजे आत दोन क्लच, ते मशीनच चालवतं, एक 1-3-5 गेअरना आणि दुसरा 2-4-6 ना, त्यामुळं पुढचा गेअर आधीच तयार असतो. तेव्हाच ती तेरा लाखांच्या घरात होती. आता त्यांच्या साडेसहाशे सीसीच्या गाडीला ई-क्लच आलाय, गेअर पायानंच टाकायचा पण क्लच मशीन दाबतं, तीसुद्धा साडेनऊ लाखाच्या पुढं. एवढ्यात काकांच्या विहिरीची पाइपलाइन होऊन वर म्हैस येईल.

आणि गंमत म्हणजे यात नवीन काय आहे? आमच्या चुलत्यांची येझदी आठवतीय का, निळी, धूर सोडणारी? किकचाच लिव्हर खाली वळवला की तो गेअरचा व्हायचा. आणि तो गेअर पायानं दाबला की आतल्या आत क्लच सुटायचा, हातानं दाबायची गरज नाय. चुलते एका हातात तंबाखू धरून गेअर टाकायचे, आपल्याला वाटायचं स्टाइल मारतायत. येझदी बनवणारी म्हैसूरची ती कंपनी 1996 ला बंद पडली. होंडाची ती छोटी गाडी, सुपर कब, 1958 पासून बिनक्लचची, 2017 पर्यंत दहा कोटी बनवल्या त्यांनी. आपल्याकडं मात्र तसलीच हीरो होंडाची स्ट्रीट आली तशी गेली, टीव्हीएसची जाइव्ह 2009 ला आली, ती पण कुणाला आता आठवत नाही. आपल्या लोकांचं सरळ आहे, बाप्यानं क्लच दाबायचा आणि बाईमाणसानं मोपेड चालवायची, मधलं काही नको. मी पण त्यातलाच, म्हणून तर पहिले दोन महिने पोवई नाक्यावर कुणी भेटलं की न विचारता सांगायचो, हिची गाडी आहे, माझी सर्व्हिसिंगला दिलीय.

पैशाचं पटकन सांगतो. माझी शंभर सीसीची गेअरची गाडी लिटरला 62 किलोमीटर देते, ही मोपेड 44. महिन्याला हजार किलोमीटर धरलं तर साडेसहा लिटरचा फरक. शिवाय हिचा बेल्ट आणि रोलर बदलायला लागतात, आमचे 22 हजार किलोमीटरला बदलले. आणि बॅटरी बसली तर धक्का मारून चालू होत नाही, त्यामुळं किक असलेलीच घे. तिला किक आहे का हे आधी विचार, रंग नंतर बघ. इलेक्ट्रिकचं काकांशी बोललो, ते म्हणले गावात लाइट किती वेळ असते ते बंड्याला आधी विचार.

तर माझं मत, ऑटोमॅटिक घे. सव्वाशे सीसीची घे, एकशे दहाची नको, कारण काकूंना दर महिन्याला घाटावरनं दवाखान्याला आणायचंय तुला. गुडघा दोन वर्षांनी बरा झाला आणि खाज आली तर माझी शंभर सीसी आहेच. हो, विकली नाही. दर रविवारी किक मारून पाच मिनिटं चालू ठेवतो. मनगट केव्हाच बरं झालंय खरं तर. पण रोज सकाळी दोन्ही चाव्या खुंटीला असतात आणि हात मोपेडच्या चावीकडं जातो, हे तुझ्या वहिनीला सांगू नकोस, ती म्हणते मग माझी गाडी मला परत दे.

येत्या रविवारी ये. सात वाजता समर्थ मंदिरापाशी थांबतो, मोपेड घेऊन. घाटात वर मी चालवतो, खाली येताना तू चालव आणि मी मागं बसतो. येताना आईचा स्टीलचा मोठा डबा आण, दिवाळीपासून तुझ्याकडंच आहे.

तुझाच,
नान्या