आत्याचा पहिला एमआरआय

परभणी

चि. सुमित,
अनेक आशीर्वाद.

आत्याच्या मेंदूतल्या गाठीचं रेडिएशन संपून महिना होत आला. संभाजीनगरला तू तिला एमआरआयला नेणार, म्हणून लिहितो. यापुढे दोन-तीन महिन्यांनी जे स्कॅन होतील ते सगळे याच स्कॅनशी ताडून बघायचे आहेत, तेव्हा हा नीट व्हायला हवा.

फिल्मसोबत सीडी ने. फिल्मवर निवडक चित्रं असतात. गाठ मोजायला सीडीतले सगळे काप लागतात. ऑपरेशनच्या आधीची आणि ऑपरेशननंतर ४८ तासांत काढलेली, दोन्ही घे आणि निघायच्या आधी लॅपटॉपवर उघडून बघ. कधी कधी ती कोरी निघते. फिल्मला हौसेनं लॅमिनेशन करू नको, उन्हात गाडीत ठेवू नको. ड्राय फिल्म उष्णतेनं काळी पडते, आणि आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे.

डेक्सामेथासोनची गोळी सध्या किती मिलिग्रॅम चालू आहे, ते फॉर्मवर लिहायला लाव. कुणी आपणहून विचारत नाही. या गोळीनं सूज उतरते आणि कॉन्ट्रास्टनं, म्हणजे स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या औषधानं, उजळणारा भागही फिका दिसतो. पुढे डोस कमी झाला की तोच भाग ठळक होतो, आणि माहिती नसलेल्याला गाठ वाढल्यासारखी वाटते. फिटची गोळी मात्र उपाशीपोटी बोलावलं असलं तरी वेळेवर, घोटभर पाण्याबरोबर.

कॉन्ट्रास्ट किडनीवाटे जातं, म्हणून क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट हवा. डोस वजनावर ठरतो, तर वजन अंदाजानं सांगू नको. केमोनं शिरा सापडत नाहीत. आदल्या दिवशी पाणी भरपूर पाज.

जोडवी घट्ट बसली असतील, रात्रीच साबण लावून काढ. केसातल्या पिना, सेफ्टी पिना, कवळी, सगळं बाहेर. कवटीतल्या टायटॅनियमच्या पट्ट्या चालतात.

आता रिपोर्टचं. ‘एन्हान्समेंट वाढलं’, म्हणजे कॉन्ट्रास्टनं उजळणारा भाग वाढला, असं आलं तर लगेच हाय खाऊ नको. रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत उपचारानंच रक्तवाहिन्या झिरपतात, कॉन्ट्रास्ट बाहेर येतं आणि गाठ वाढल्याचा भास होतो. डॉक्टर त्याला स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. परफ्युजन स्कॅननं, म्हणजे त्या भागातला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या स्कॅननं, थोडा उलगडा होतो, नाहीतर चार ते आठ आठवड्यांनी परत स्कॅन. तेवढ्यात डोकेदुखी, उलट्या, हातापायात कमजोरी वाढली तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

पुढचे स्कॅनही जमेल तोवर त्याच मशीनवर कर. टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद; १.५ टेस्लावरून ३ टेस्लावर गेलं की चित्राचा पोतच बदलतो. आणि रेडिऑलॉजिस्टना सांग, तुलना फक्त मागच्या स्कॅनशी नको, या पहिल्याशीही करा. दर वेळी ‘विशेष बदल नाही’ म्हणत म्हणत मिलिमीटर-मिलिमीटरनं वाढ निसटते.

आत एसीचा गारठा असतो. पांघरायला सुती चादर ने, जरीच्या काठाची नको.

तुझे,
बाबा