खेबुडकरांची दोन गाणी

संपादक महोदय,

धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चार पुरुषार्थांवर प्रवचनं पुष्कळ होतात, पण आपल्या चित्रपटगीतांकडे त्या नजरेनं कुणी बघत नाही. जगदीश खेबुडकरांनी १९७२च्या ‘पिंजरा’साठी ठसकेबाज लावण्या लिहिल्या, म्हणजे काम; आणि त्याच वर्षीच्या ‘आम्ही जातो अमुच्या गावा’साठी ‘देहाची तिजोरी, भक्तीचाच ठेवा’ हे भक्तिगीत. तिजोरी, ठेवा हा सगळा पैशाअडक्याचा, म्हणजे अर्थाचा व्यवहार; कवीनं तो थेट देवाच्या दारात नेला. मला हे फार मोठं वाटतं. शृंगारिक लावण्या करणाऱ्या होनाजी बाळानंही ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी रचलीच होती. रेडिओवर मात्र भक्तिगीतं पहाटे, लावण्या रात्री. एकाच कवीची अशी दोन गाणी कधीतरी सलग ऐकवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक श्रोता, कोल्हापूर